दहा मिनिटांत बरा झालेला माणूस

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॉ. सी. मिलर फिशर यांनी १९५९ साली एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केलं. एका रुग्णाच्या एकाच डोळ्यापुढे अधूनमधून अंधार येई आणि निघून जाई. असा झटका चालू असतानाच फिशर यांनी त्या डोळ्यात पाहिलं. आतल्या पडद्यावरच्या बारीक रोहिण्यांतून पांढरट कण हळूहळू पुढे सरकत होते! मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या रोहिणीचीच एक फांदी डोळ्याला जाते. मिनी स्ट्रोक, म्हणजे डॉक्टर ज्याला टीआयए म्हणतात, तो होत असताना मेंदूत काय घडत असेल, हे जणू खिडकीतून दिसलं.

त्याहून नवल पेशींचं. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २०च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात; मरतात मात्र १०च्या आसपास. मधल्या पट्ट्यात त्या जिवंत असतात, पण मुक्या. रोहिणीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळली की पुन्हा बोलू लागतात. तोंड वाकडं झालेला, हातातला कप सुटलेला माणूस दहा मिनिटांत सरळ बोलतो, चालतो. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल, झोपा जरा.

नेमकं तेव्हाच झोपवायचं नाही. गुठळी गेली, पण ती जिथून आली ती जागा तशीच असते, आणि मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो.

ऑक्सफर्डमध्ये पीटर रॉथवेल यांच्या गटाने २००७ साली जे दाखवलं, त्याने मी आजही थक्क होतो. औषधं जुनीच होती: रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची. बदलला तो फक्त वेळ. पूर्वी पहिलं औषध लिहून मिळायला साधारण २० दिवस जात, ते एका दिवसावर आलं. तीन महिन्यांत स्ट्रोक होण्याचं प्रमाण १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर उतरलं.

मग प्रत्येकाला ॲडमिट करायचं का? पॅरिसच्या बिशा रुग्णालयाने चोवीस तास उघडा दवाखाना चालवून पाहिला. मेंदूचा स्कॅन, मानेच्या रोहिण्यांची सोनोग्राफी, ईसीजी, सगळं लगोलग. १०८५ रुग्णांपैकी ७४ टक्के त्याच दिवशी औषधं घेऊन घरी गेले. मानेची रोहिणी अरुंद असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा झटके पुन्हा पुन्हा येत असतील, तर मात्र खाट लागतेच. वय, रक्तदाब, मधुमेह यांचे गुण मोजून धोका ठरवायची पद्धतही होती. पण कमी गुणांच्या माणसाचीही रोहिणी अरुंद निघू शकते, म्हणून ब्रिटनच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनी त्या गुणांवर विसंबू नका असं सांगितलं.

तेव्हा १०८ला फोन करा किंवा स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा. झटका किती वाजता आला, किती वेळ टिकला, कोणती बाजू लुळी पडली, हे लिहून न्या. तपासताना डॉक्टरांना काहीच दिसणार नाही, कदाचित. ॲस्पिरिनची गोळी मनाने देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झाला असला तरी सुरुवातीला लक्षणं अगदी अशीच असू शकतात.