निळी चिप

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं छोटंसं मशीनशॉप. लेथच्या चकमध्ये ईएन-८ पोलादाचा रॉड गरगरतोय आणि कार्बाइडच्या टूलखालून चिप सुटतेय. सुटताना चंदेरी, ट्रेमध्ये पडेपर्यंत गर्द निळी. पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो, त्याचा हा रंग. कापताना तयार होणारी बहुतेक उष्णता चिपच घेऊन जाते. रॉडच्या वाट्याला त्यातली थोडीच येते. निळे तुकडे स्वल्पविरामांसारखे टपटप पडताहेत. मिस्त्री मान डोलावतात.

आता फिनिशिंगचा कट. डेप्थ कमी, फीड कमी, आणि चिप तुटायचीच थांबते. टूलच्या टोकाला बसवलेल्या कार्बाइडच्या इन्सर्टवरच्या खाचेत दुमडून मोडायला चिपला जाडी लागते. एवढी पातळ चिप या रफिंगच्या खाचेला दाद देत नाही. ती लांबत जाते, टूलपोस्टला वेढे घालते, चकबरोबर फटके मारू लागते. शिकाऊ पोरगा ओढायला हात पुढे करतो.

"हात माघारी घे! आधी मशीन बंद कर!"

"मिस्त्री, मोजे घातल्यात की."

"म्हणूनच सांगतोय. मोजा अडकला तर हात आत जाईल. काढ ते!"

चक थांबतं. भिंतीवरचा आकडा येतो, गुंता निघतो. त्या चिपेची कड ब्लेडइतकी धारदार आहे. मिस्त्री फिनिशिंगचा, बारीक खाचेचा इन्सर्ट लावतात. पुन्हा तुकडे पडू लागतात.

शेजारी बिडाचं हाउसिंग बोअर होतंय. तिथं नुसता काळा चुरा, कारण बिडातले ग्राफाइटचे पापुद्रे चिपेला सलग राहूच देत नाहीत. कूलंट बंद आहे, धूळ उडतेय. ऑपरेटरच्या नाकपुड्या काळ्या झाल्यात आणि तोंडावर मास्क नाही. हे मला फार खुपतं. हा चुरा म्हणजे 'बोरिंग'. तो वेगळ्या पोत्यात भरतात. फाउंड्रीच्या भट्टीत तो पुन्हा वितळणार आहे, आणि त्यात पोलाद मिसळलं की रसाचा हिशेब चुकतो.

कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे: प्रत्येक लेथजवळ आकडा आणि ब्रश टांगलेला ठेवा, बिडाच्या कामाला मास्क द्या, आणि चिप काढण्यासाठी मशीन थांबवणाऱ्या पोराला वेळेचा जाब विचारू नका.