ताणून पुन्हा जागेवर येणारे प्रथिन

हाताच्या पालथ्या बाजूची कातडी चिमटीत धरून वर ओढा आणि सोडून द्या. वर्गातल्या मुलांच्या हातावर ती लगेच जागेवर जाऊन बसेल. हाच प्रयोग मुलांना घरी आजी-आजोबांच्या हातावर करायला सांगा. तिथे घडी क्षणभर तशीच राहते. भाजल्याचा जुना व्रण असेल, तर तो ताठ असल्यामुळे चिमटीत नीट येतच नाही. या फरकामागे बऱ्याच अंशी एक प्रथिन आहे. त्याचे नाव इलॅस्टिन.

आपल्या कातडीला मजबुती देणारे मुख्य प्रथिन म्हणजे कोलॅजेन. ते दोरीसारखे असते; ओढ सहन करते, पण फारसे ताणत नाही. इलॅस्टिन रबरासारखे असते. ताणले की लांबते आणि सोडले की मूळ लांबीवर येते. कातडी, फुप्फुसे आणि रोहिण्या यांत दोन्ही प्रथिने एकत्र नांदतात. हृदय आकुंचन पावले की महारोहिणीची भिंत फुगते आणि हृदय विसावले की ती परत येऊन रक्ताला पुढे ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले, तर वर्षात सुमारे ३ कोटी ६८ लाख आणि सत्तर वर्षांत अडीचशे कोटींहून अधिक वेळा हे घडते. कोणते रबर इतके टिकेल?

हा टिकाऊपणा येतो कुठून? कच्च्या रबरात गंधक मिसळून तापवले की रबराच्या लांब रेणूंमध्ये आडवे दुवे तयार होतात आणि ते चिवट बनते, हे आपण शिकवतो. इलॅस्टिनमध्येही असेच दुवे असतात. पेशी आधी ट्रोपोइलॅस्टिन नावाचे विद्राव्य प्रथिन बाहेर सोडतात. मग तांबे असलेले एक विकर त्यातील लायसीन या अमिनो आम्लांना एकमेकांशी जोडते आणि अविद्राव्य धाग्यांचे जाळे तयार होते. आहारात तांबे न मिळालेल्या कोंबडीच्या पिल्लांची महारोहिणी फुटते, असे १९६० च्या दशकातील प्रयोगांत आढळले. दुवे झाले नाहीत, तर रबर कच्चेच राहते.

खरी अडचण पुढे आहे. शरीर आपले बहुतेक सारे इलॅस्टिन गर्भावस्थेत आणि बालपणात तयार करते. नंतर हे काम जवळजवळ थांबते. आजोबांच्या हातात आजही आहे ते मुख्यतः त्यांच्या लहानपणीचे इलॅस्टिन, उन्हाने आणि वयाने झिजलेले. म्हणून खोल भाजलेली जागा भरून येते ती प्रामुख्याने कोलॅजेनने. कोपराच्या आतल्या बाजूला असा व्रण आकसला की हात सरळ होत नाही. लहान मुलाच्या बाबतीत तर मूल वाढते, पण व्रण त्या प्रमाणात वाढत नाही. मग पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागतात.

इथे ऊती अभियांत्रिकी मदतीला येते. इमारत बांधताना गवंडी परांची बांधतात आणि काम झाले की ती काढतात. तशीच सच्छिद्र परांची जखमेत बसवली, तर पेशी तिच्यात शिरतात, आपली ऊती विणतात आणि परांची हळूहळू विरून जाते. बॉस्टनचे शल्यविशारद जॉन बर्क आणि अभियंते इओआनिस यानास यांनी १९८१ मध्ये अशी कृत्रिम त्वचा भाजलेल्या रुग्णांवर वापरल्याचे जाहीर केले. तिच्यात गाईचे कोलॅजेन होते, इलॅस्टिन नव्हते. पुढे जर्मनीत तयार झालेल्या मॅट्रिडर्ममध्ये कोलॅजेनच्या जोडीला प्राण्यांच्या इलॅस्टिनचे तुकडे घालण्यात आले.

तुकडेच का? कारण इलॅस्टिन पाण्यात विरघळत नाही. ते मिळवायचे तर तोडावे लागते. यावर तोडगा म्हणजे दुवे जुळण्याआधीचे प्रथिनच बनवणे. सिडनी येथील अँथनी वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मानवी ट्रोपोइलॅस्टिनचे कृत्रिम जनुक ई. कोलाय जीवाणूत घालून ते प्रथिन मिळवले. अमेरिकेतील डॅन अरी यांनी इलॅस्टिनमध्ये वारंवार येणारी पाच अमिनो आम्लांची मालिका घेऊन साधी साखळी-प्रथिने बनवली. त्यांचा एक गुण वर्गात सांगण्याजोगा आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. ही प्रथिने मात्र थंड पाण्यात विरघळतात आणि ठरावीक तापमानापुढे गोळा होऊन वेगळी पडतात. त्यामुळे ती शुद्ध करणेही सोपे जाते.

इलॅस्टिनचे काम केवळ ताणण्याचे आहे, असे बराच काळ मानले जाई. १९९८ मध्ये इलॅस्टिनचे जनुक नसलेल्या उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या रोहिण्या फुटतील अशी आपली अपेक्षा असेल. प्रत्यक्षात रोहिण्यांच्या भिंतीतील स्नायूपेशी बेसुमार वाढल्या, रक्ताची वाट बुजली आणि पिल्ले जन्मानंतर काही दिवसांतच मेली. म्हणजे इलॅस्टिन पेशींना 'आता वाढ पुरे' असेही सांगते. माणसातही या जनुकाची एक प्रत हरवली, तर हृदयाच्या लगेच वर महारोहिणी अरुंद होऊ शकते.

याचा व्यवहारात अर्थ मोठा आहे. प्लास्टिकच्या कृत्रिम रोहिण्या मोठ्या व्यासाच्या जागी चांगल्या चालतात, पण सहा मिलिमीटरहून बारीक असल्या की लवकर बुजतात. त्यांना आतून इलॅस्टिनचा थर देण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत. वाट सोपी नाही. प्राण्यांपासून काढलेल्या इलॅस्टिनवर शरीरात कॅल्शियमचे क्षार साठून ते कडक होऊ शकते. शिवाय प्रौढ पेशींनी स्वतःचे नवे धागे पुरेसे विणावेत, हेही अजून साधायचे आहे.

तोवर कोणत्याही नव्या त्वचा-परांचीची परीक्षा आपल्याला समजेल इतकी साधी आहे. जखम बुजली का, एवढे विचारून भागत नाही. बरी झालेली कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती जागेवर जाते का, हे पाहावे लागेल.