सातविणीची सावली

विद्यापीठ म्हटले की भव्य वास्तू व उत्तुंग मनोरे डोळ्यांपुढे येतात. बंगालमधील शांतिनिकेतनात मात्र आधी सावली होती, विद्यालय मागाहून आले. वीरभूमच्या उजाड, तांबड्या माळावर दोन सातविणींची छाया महर्षी देवेंद्रनाथ ठाकुरांना भावली आणि १८६३ साली त्यांनी तेथील जमीन घेतली. १९०१ साली रवींद्रनाथांनी तेथेच शाळा काढली; १९२१ साली तिच्यातून विश्वभारती उदयास आली.

वृक्षातळी गुरू बसावा, भोवती शिष्यांनी आसने मांडावीत, असा तेथील वर्ग. पाऊस आला की अर्थातच छपराचा आश्रय घ्यावा लागतो. आम्रकुंजात पदवीदान होई, तेव्हा स्नातकाच्या हाती सातविणीची पाने दिली जात.

परंतु वृक्ष अमर नसतात. त्या मूळ सातविणी केव्हाच वठल्या. त्यांच्या जागी नव्या लावाव्या लागल्या. भिंत एकदा बांधली की पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. सावली मात्र पुनःपुन्हा पेरावी लागते. रवींद्रनाथांनी १९२८ साली आश्रमात वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला, त्याचे मर्म याहून वेगळे कोणते असणार? २०२३ साली युनेस्कोने शांतिनिकेतनाला जागतिक वारशाचा मान दिला. त्या वारशाचे जतन मात्र रोपाला पाणी घालणाऱ्या हातांवरच अवलंबून आहे.