विहिरीला रॉकेलचा वास

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. रेशनचे रॉकेल घेऊन घरी आलो, डबा विहिरीच्या काठावर ठेवला आणि पाणी शेंदू लागलो. दोराचा हिसका बसला आणि डबा थेट आत. गळ टाकून तो काढला, पण झाकण निघालेले आणि डबा रिकामा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू अम्मीला म्हणाल्या, "पाण्याले रॉकेलचा वास येते वो भाभी." अब्बांनी दोन दिवस विहीर उपसून घेतली. वास गेला. मार खाऊन मीही सुटलो. पण पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेले आणि वास पुन्हा आला! याचे कारण मला फार उशिरा कळले. ते पुढे सांगतो.

माझा डबा पाच लिटरचा होता. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांत हजारो लिटर इंधन असते आणि पाइपलाइनमधून तर त्याची नदीच वाहते. जुलै २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात, सासवड या गावी (पुरंदरचे सासवड नव्हे), चोरट्यांनी मुंबई-पुणे-सोलापूर पेट्रोलवाहिनी फोडली. चोरांनी किती नेले ते जाऊ द्या, पण बरेच पेट्रोल जमिनीत मुरले, विहिरींत उतरले आणि पिकांची नासाडी झाली. ज्या शेतकऱ्यांचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या विहिरी गेल्या.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. ते मातीतून झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत जाते आणि तिथे सायीसारखे पसरते. ही साय डोळ्यांना दिसते, नाकाला कळते. खरी भीती आहे ती त्यातून पाण्यात विरघळणाऱ्या घटकांची. त्यात मुख्य बेन्झिन. ते दीर्घकाळ पोटात गेल्यास रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी बेन्झिनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठरवली आहे. आपल्या आजच्या पेट्रोलमध्ये बेन्झिन १ टक्क्यापर्यंत चालते, म्हणजे एका लिटरमध्ये जास्तीत जास्त पावणेनऊ ग्रॅम. हिशेब करून पाहा : एवढे बेन्झिन जवळजवळ नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवायला पुरते.

आपल्या भागाला याची काळजी अधिक असायला हवी. जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी दगडगोटे, वाळू, रेती यांचा पट्टा आहे. भूशास्त्रज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरचे पाणी इथे भराभर मुरते. दक्षिणेला पूर्णेकडे सरकावे तसा खारपाणपट्टा लागतो. तिथे पाणी आहे, पण तोंडात घेववत नाही. म्हणजे गोड पाण्याची आपली तिजोरी डोंगराच्या पायथ्याशीच आहे. संत्र्याच्या बागा तिच्यावरच जगतात. आणि जी जमीन पाणी पटकन पिते, ती पेट्रोलही पटकनच पिते.

मग जमिनीखाली काय चालले आहे, हे कसे कळावे? भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पाण्याची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. गळती शोधायला मात्र वेगळी छिद्रे पाडावी लागतात. निदान तीन, आणि तीही एका रेषेत नाहीत. तिन्हींतील पातळ्या ताडून पाहिल्या की पाणी कोणत्या दिशेला सरकते ते समजते. मग टाकीच्या वरच्या अंगाला एक आणि उताराच्या अंगाला काही, अशा विहिरी घेतात. त्यांची जाळी नेमकी पाण्याच्या पातळीवर यावी लागते. जाळी खोल बसवली तर तरंगणारे पेट्रोल आत येतच नाही आणि अहवालात पाणी शुद्ध! नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ भरतात, बुडबुडाही राहू देत नाहीत आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात. कारण बेन्झिन उडून जाते.

आता माझ्या विहिरीचे. पावसाळ्यात पातळी वर येते, उन्हाळ्यात कित्येक हात खाली जाते. तरंगते तेलही तिच्याबरोबर वरखाली होते आणि जाता-येता मातीला, दगडांच्या सांधींना चिकटून राहते. पाणी चढले की ते खाली दबते, पाणी उतरले की मोकळे होते. म्हणून श्रावणात घेतलेला एक नमुना चांगला निघाला, एवढ्यावर विश्वसू नये. वैशाखातही तपासावे.

सफाईचे काम रेंगाळणारे आहे. आधी गळती बंद. मग वरचा थर उपसणे, भिजलेली माती काढणे, मातीतील वाफ पंपाने ओढणे, पाण्यात हवा सोडणे, उपसलेले पाणी कोळशातून गाळणे. उरलेले काम जिवाणू करतात. ते तेल खातात, पण त्यांनाही प्राणवायू हवा, नत्र-स्फुरद हवे. दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने अशा जिवाणूंचे 'ऑइल झॅपर' नावाचे मिश्रण तयार केले. तेलाने बरबटलेल्या मातीवर ते वापरले गेले आहे. तरी घाई करून उपयोग नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजीजवळ ऑगस्ट १९७९ मध्ये तेलवाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल सांडले. बरेच उपसले, काही जाळले, तरी सुमारे चार लाख लिटर जमिनीतच राहिले. शास्त्रज्ञ १९८३ पासून तिथे ठाण मांडून आहेत. जिवाणूंनी विरघळलेल्या विषाचा फैलाव बराच रोखला आहे, पण तेल चार दशकांनंतरही पूर्ण गेलेले नाही.

उद्या तुमच्या विहिरीला असा वास आला तर ब्लीचिंग पावडर किंवा तुरटी टाकू नका, त्याने पेट्रोल जात नाही. पाणी उकळूही नका. बेन्झिन वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरेल. साध्या फिल्टरचाही भरवसा नाही. विहिरीत कंदील सोडू नका, काडी ओढू नका आणि मोटारीचे बटण दाबू नका. एक ठिणगी पुरते. पाणी पिणे थांबवा, गुरांनाही दाखवू नका. वास पहिल्यांदा कोणत्या तारखेला आला आणि त्या दिवशी पाणी किती हात खाली होते, ते वहीत लिहून ठेवा. तहसील कार्यालय, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. नमुना घ्यायला माणूस आला आणि त्याच्या हातात प्लॅस्टिकची बाटली दिसली, तर त्याला चहा पाजा आणि काचेची बाटली आणायला परत पाठवा.