उतारवयाचं नियोजन (भाग ५) : घर नावावर करण्याआधी

मागच्या भागात निर्वाहखर्चाच्या अर्जाबद्दल वाचलंत. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार मुलांकडून खर्च मागता येतो. मूलबाळ नसेल, तर ज्याला पुढे मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाकडूनही मागता येतो. मात्र प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाला महिन्याला १०,००० रुपयांच्या वर रक्कम मंजूर करता येत नाही. ही मर्यादा काढून टाकणारं विधेयक डिसेंबर २०१९मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

पुण्या-मुंबईत अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ चोवीस तास राहणारी मावशी ब्युरोकडून ठेवली, तर तिचा पगारच या रकमेच्या बराच पुढे जातो. डायपर, औषधं, फिजिओथेरपी आणि हवेची गादी यांचा खर्च आणखी वेगळा. आरोग्य विमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर कामी येतो. ७० वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारत योजनेत आणलं गेलं, पण वर्षाचं ते ५ लाखांचं संरक्षणही रुग्णालयातल्या उपचारांसाठीच आहे. अर्धांगवायू झालेल्या माणसाला रोज पुसून काढणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं ही वर्षानुवर्षांची सेवा त्यात बसत नाही.

मग पैसा कुठून येणार? बहुतेक मध्यमवर्गीय घरांत मोठी म्हणावी अशी पुंजी एकच असते, राहतं घर. आणि पुष्कळदा हातातून सर्वांत आधी तेच सुटतं. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीसपत्रानं द्यायची, तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च धरला, तरी व्यवहार स्वस्तात होतो. ‘पुढे कटकट नको, आत्ताच करून टाकू’ असं कुणीतरी सुचवतं, दुय्यम निबंधकांकडे अंगठे उठतात आणि संध्याकाळी आई-वडील स्वतःच्याच घरात पाहुणे होऊन परततात. मला याचा राग येतो, कारण त्या दस्तात दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या, तर पुढचं बरंच टळलं असतं.

त्या दोन ओळींचं बळ ज्येष्ठ नागरिक कायद्याच्याच कलम २३मध्ये आहे. हा कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठ नागरिकानं, म्हणजे साठी पूर्ण केलेल्या माणसानं, आपली मालमत्ता ‘माझ्या मूलभूत गरजा भागवाव्यात’ या अटीवर कुणाला दिली आणि घेणाऱ्यानं ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीनं किंवा दबावानं झालं असं मानलं जातं आणि देणाऱ्याच्या मागणीवरून न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. दिवाणी दाव्यात वर्षं घालवावी लागत नाहीत. पण सगळी भिस्त ‘अटीवर’ या एका शब्दावर आहे.

ती किती, हे दोन निकालांवरून कळतं. डिसेंबर २०२२मध्ये न्या. संजय किशन कौल आणि न्या. अभय ओक यांच्यापुढे हरियाणातल्या एका आईचं प्रकरण होतं. तिनं मुलींच्या नावे हक्कसोडपत्र केलं होतं आणि न्यायाधिकरणानं ते रद्द ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधिकरणाचा आदेश टिकू दिला नाही, कारण सांभाळण्याची अट घातली होती हे दस्तातून दिसत नव्हतं आणि सिद्धही झालं नव्हतं. आई-वडील पुष्कळदा परतफेडीची अपेक्षा न ठेवता निव्वळ मायेपोटी देतात, तेव्हा अट होतीच असं गृहीत धरता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

२ जानेवारी २०२५च्या निकालात मात्र आई जिंकली. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या या बाईंनी २०१९मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं होतं. मुलगा सांभाळ करतो असा उल्लेख त्या दस्तातच होता. शिवाय शेवटपर्यंत सांभाळीन, न सांभाळल्यास मालमत्ता परत घ्यावी, असं मुलाचं वचनपत्रही तिनं पुढे ठेवलं. ते बनावट असल्याचं मुलाचं म्हणणं होतं. न्या. सी. टी. रविकुमार आणि न्या. संजय करोल यांनी बक्षीसपत्र रद्द ठरवलं, घराचा ताबा आईला देण्यास सांगितलं आणि न्यायाधिकरणाला असा ताबा परत देववण्याचा अधिकार आहे, हेही स्पष्ट केलं. माया आणि जिव्हाळा यांतच सांभाळण्याची अट गृहीत असते, असं मद्रास उच्च न्यायालयानं २०२५मध्ये म्हटलं आहे. वाचायला बरं वाटतं. पण उद्या आपल्या वाट्याला कोणतं न्यायालय कोणता अर्थ घेऊन येईल, यावर म्हातारपण सोपवू नये.

म्हणून माझा पहिला सल्ला, हयातीत घर देऊच नका. मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात आणि मन बदललं तर ते बदलताही येतं. घर तुमच्या नावावर असेल, तर गरज पडल्यास ते विकून लहान घरात जाता येतं, भाड्यानं देऊन चांगल्या वृद्धाश्रमाचं शुल्क भरता येतं किंवा बँकेकडे उलट गहाण ठेवून दरमहा रक्कम घेता येते. शेवटच्या योजनेबद्दल सविस्तर पुढच्या भागात लिहीन.

आणि द्यायचंच ठरलं असेल, तर हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवा. जेवणखाण, औषधोपचार, सेवाशुश्रूषा आणि मदतनिसाचा पगार घर घेणाऱ्यानं द्यायचा आहे, आणि त्यात कसूर झाल्यास बक्षीसपत्र रद्द होईल, हे दस्तातच उतरवा. वेगळ्या कागदावर किंवा तोंडी ठेवू नका. ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ असं मात्र लिहू नका. निव्वळ देणाऱ्याच्या मर्जीनं मोडता येणारं बक्षीस मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६खाली मुळातच टिकत नाही. रद्द होण्याचं कारण कसूर हेच असलं पाहिजे.

मुलाला वाईट वाटेल, हा संकोच मला कळतो. ज्याला खरोखर सांभाळायचं आहे, त्याचं या ओळींनी काहीच अडत नाही, हे त्याला शांतपणे सांगा.

ज्यांनी आधीच घर देऊन टाकलं आहे, त्यांनी आज कपाटातून दस्त काढून अटीची ओळ शोधावी. ती असेल आणि पाळली जात नसेल, तर प्रांत कार्यालयात कलम २३खाली अर्ज करावा. स्वतः जाणं जमत नसेल, तर ज्येष्ठांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्थाही तुमच्या वतीनं अर्ज करू शकते.