इंजिन पाठीमागें कां?

गेल्या वर्षीं दसऱ्याच्या आधीं बारामतीहून इंदापुराकडे जात असतां लासुर्ण्याच्या अलीकडे एका वेल्डिंगच्या शेडपाशीं मला थांबावें लागलें. उसाच्या ट्रॉल्या गळीत हंगामास सज्ज करण्याची तेथें घाई चालली होती. कोपऱ्यांत मात्र चौकोनी पोलादी नळ्यांचा एक सांगाडा उभा होता, आणि त्याच्या शेजारीं पोट रिकामें केलेली एक जुनी मारुती ८०० पडलेली होती. शेडच्या मालकाचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. त्या जुन्या गाडीचें इंजिन, चाकें व स्टिअरिंग घेऊन दोन माणसांपुरती हलकी मोटार तो बांधीत होता, आणि इंजिन बैठकीच्या मागें बसविणार होता. त्याचे वडील माझ्याकडे वळून म्हणाले, “गुरुजी, तुमीच सांगा ह्याला. बैल कधी गाडीच्या मागं जुंपत्यात व्हय?”

प्रश्न विनोदी वाटला तरी खुळा नव्हता. बैल गाडी ओढतो, पण गाडींत बसत नाहीं. इंजिन गाडी चालवितें आणि शिवाय तिच्यांतलें सर्वांत जड ओझें होऊन तेथेंच बसतें. तेव्हां त्याला बैल न समजतां उसाची मोळी समजावें. मोळ्या कशा रचाव्या हें या भागांतील प्रत्येक गाडीवानास ठाऊक आहे. भार मागें गेला कीं गाडी उलाळ होते आणि जूं वर उचललें जातें. पुढें आला कीं तो बैलांच्या मानेवर बसतो. म्हणून तो आंसावर तोलून धरतात. मोटारीस आंस दोन. तेव्हां हें जड ओझें दोन्ही आंसांच्या मधें येईल अशी मांडणी केली कीं तिला ‘मिड-इंजिन’ म्हणतात.

पण येथें नुसत्या तोलाहून अधिक कांहीं आहे. एका काठीच्या दोन टोकांना दोन नारळ बांधा आणि काठी मधोमध धरून झटकन् फिरवून पाहा. मग तेच नारळ मुठीजवळ सरकवून फिरवा. वजन तेंच, पण दुसऱ्या वेळीं काठी सहज वळते. वळणावर मोटारीचें असेंच होतें. जड इंजिन नाकाशीं असेल तर नाक वळावयास आळस करतें. मधें असेल तर गाडी चटकन् वळते. मात्र जी चटकन् वळते ती एकदां घसरली कीं चटकन् गरगरतेही. शर्यतीच्या गाड्यांचे स्तुतिपाठक ही दुसरी बाजू हळूच गिळतात.

हा सारा परदेशी थाट आहे असें मात्र नव्हे. १९८४ मध्यें निघालेली मारुतीची व्हॅन, जी पुढें ‘ऑम्नी’ या नांवानें ओळखली गेली, तिचें ७९६ सी.सी.चें इंजिन पुढच्या बैठकीखालीं, पुढच्या आंसाच्या मागें असून तें मागचीं चाकें फिरवितें. तिचें उत्पादन २०१९ मध्यें थांबलें. शाळकरी पोरें, वऱ्हाडी मंडळी आणि भाजीच्या पाट्या वाहणाऱ्या या गाडींत आपण मिड-इंजिन मोटारींतून प्रवास करतों आहों, हें फारसें कोणाच्या ध्यानांतही आलें नाहीं. बारामतीच्या पियाजिओ कारखान्यांत होणारी डिझेलची ‘आपे’ तीनचाकी तर इंजिन मागेंच बाळगून असते. शेडच्या दारांतच एक उभी होती. तिच्याकडे बोट दाखवितांच वडिलांचा निम्मा विरोध मावळला.

जुन्या गाडीवरून नवी बांधण्याचा उद्योगही आजचा नव्हे. १९४६ मध्यें इंग्लंडांत सर्बिटन येथें चार्ल्स कूपर व त्यांचे चिरंजीव जॉन यांनीं एका छोट्या फियाट मोटारीचा पुढचा भाग घेतला, दुसऱ्या तशाच फियाटचा पुढचा भाग तिला मागच्या बाजूस जोडला, आणि मोटारसायकलचें ५०० सी.सी.चें जॅप इंजिन चालकाच्या पाठीमागें ठेविलें. यांत मोठें तत्त्वज्ञान नव्हतें. साखळीनें मागचीं चाकें फिरविण्यास तीच जागा सोयीची होती. जर्मनींत ऑटो युनियननें ही मांडणी १९३४ पासूनच शर्यतींत आणली होती, पण त्या गाड्या भल्या थोरल्या. कूपरांची गाडी हलकीच राहिली, आणि १९५९ व १९६० या दोन्ही वर्षीं जॅक ब्रॅबहॅम यांनीं कूपर गाडींतून जगज्जेतेपद मिळविलें.

आमच्या मुलाची युक्ति याच जातीची होती. मारुती ८०० मध्यें इंजिन आडवें असतें. गिअरपेटी आणि दोन्ही चाकांस गति वाटून देणारा डिफरन्शियल त्यालाच चिकटलेले असतात. हा सगळा गठ्ठा पुढच्या चाकांच्या मधें बसतो, आणि इंजिन तेथें आंसाच्या किंचित् पुढें असतें. तोंड तसेंच ठेवून गठ्ठा मागच्या चाकांशीं नेला कीं इंजिन आपोआप दोन आंसांच्या मधें येतें. तोंड फिरविलें तर मात्र चाकें उलटीं फिरतील, आणि पुढें जावयास एकच गिअर व मागें जावयास चार, अशी गंमत होईल.

अडचणी यानंतर सुरू होतात. पुढचीं चाकें स्टिअरिंगनें वळतात. तींच मागें नेलीं तर त्यांना वळविणारे दांडे सांगाड्यास पक्के जखडावे लागतात, नाहीं तर मागचीं चाकें आपल्या मनानें वळूं लागतात. रेडिएटर नाकाशीं ठेवला तर पाण्याच्या नळ्या सबंध गाडीखालून न्याव्या लागतात, आणि त्यांत हवा अडकली कीं इंजिन तापतें. हें सर्व त्यानें नीट केलें होतें.

ब्रेकचा विचार मात्र त्यानें केला नव्हता, आणि मलाही तो सुचला नाहीं. गाडी थांबतांना तिचा भार पुढें लोटला जातो, म्हणून पुढचे ब्रेक जोरकस ठेवितात. मारुतीचा पुढचा भाग मागें गेला तसे ते जोरकस ब्रेकही मागें गेले. ओल्या पाणंदीवर पहिल्याच चाचणींत त्यानें ब्रेक दाबला. मागचीं चाकें अडकलीं, पुढचीं फिरत राहिलीं, आणि गाडी गर्रकन् वळून उलट्या तोंडानें उसांत शिरली. इजा कोणास झाली नाहीं. पण वडिलांनीं माझ्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें ती दृष्टि मी विसरलों नाहीं. आतां पुढच्या चाकांना दुसऱ्या मोडीतल्या गाडीचे तसेच ब्रेक लावले आहेत, आणि मागच्यांचा दाब कमी करणारी एक झडप बसविली आहे.

राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, उत्पादकानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपत्रांतला तपशील विसंगत ठरेल असा फेरबदल गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ लाविला. इंग्लंडांत घरीं बांधलेली एकुलती एक गाडीही रीतसर तपासून रस्त्यावर येऊं देतात. येथें तशी सरळ वाट नाहीं. म्हणून गाडी शेताबाहेर काढावयाची नाहीं असें मीं त्यास बजावलें, आणि तो नाराज झाला. या नियमाचा जाच मलाही वाटतो. पण ती गाडी उसांत न शिरतां इंदापूर रस्त्यावर, समोरून एस.टी. येत असतां फिरली असती तर, हेंही मनांतून जात नाहीं.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठीं ‘बाहा’ नांवाची स्पर्धा आपल्याकडे २००७ पासून होते. प्रारंभ इंदूरजवळ पीथमपूर येथें झाला. तेथें मुलें स्वतः बांधलेल्या एका माणसाच्या गाड्या आणतात, आणि इंजिन चालकाच्या मागेंच असतें. ब्रेक दाबतांच जिचीं चारही चाकें अडकत नाहींत ती गाडी शर्यतींत सोडीत नाहींत. तीच परीक्षा आम्हीं गेल्या महिन्यांत त्याच पाणंदीवर घेतली. चारांपैकीं तीन चाकांच्या खुणा उमटल्या. पुढचें उजवें चाक अजून फिरत राहतें. त्याच्या पॅडला तेल लागलें असावें, असें वडिलांचें म्हणणें आहे.