टोंगळ्यातली गादी, येनावरचा कोसा

रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्याकडच्या धानाच्या बांध्यांत बाया ओळीनं वाकलेल्या दिसतात. पाय चिखलात रुतलेले, हात चालूच. रात्री अंग टेकताना ज्याची आठवण होते तो टोंगळा, म्हणजे पुण्या-मुंबईकडचा गुडघा. डॉक्टर फोटो बघून म्हणतात, ‘गादी घासली.’ शेजारीण म्हणते, ‘वंगण संपलं.’ दोघंही चूक नाहीत, पण ज्या वस्तूविषयी बोलणं चाललंय ती गादीपेक्षाही आणि वंगणापेक्षाही अजब आहे.

तिचं नाव कूर्चा. हाडाच्या टोकावर दोन-चार मिलिमीटर जाडीचा, बर्फाहून निसरडा थर. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि मज्जातंतूही नाही, म्हणून झीज सुरू होते तेव्हा दुखतसुद्धा नाही. वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणी. हे पाणी वाहून का जात नाही? आत साखरेच्या साखळ्यांची झुडपं आहेत, त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, आणि तो पाणी ओढून धरतो. थर फुगू पाहतो, कोलॅजनच्या तंतूंचं जाळं त्याला आवळून धरतं. या ओढाताणीच्या जोरावर आपण उभे असतो.

त्या जाळ्यात एकेकट्या अडकलेल्या मूठभर पेशींना अन्न मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून झिरपून. पाऊल टेकलं की द्रव पिळला जातो, उचललं की परत शोषला जातो. रक्तच नाही, तर जखम भरायला येणार कोण? घासलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हे विल्यम हंटर या शल्यविशारदानं लंडनमध्ये 1743 सालीच लिहून ठेवलं होतं.

मग पेशी बाहेर वाढवून आत सोडाव्यात का? इथे खरी गंमत सुरू होते. कूर्चेतली पेशी सपाट काचेवर ठेवली तर ती पसरते आणि आपला धंदाच विसरते; कूर्चेचं कोलॅजन सोडून कातडी आणि हाडांत असतं तसलं बनवू लागते. 1982 मध्ये बेन्या आणि शॅफर यांनी अशा बिघडलेल्या पेशी अगरोजच्या मऊ जेलीत सोडल्या. पेशी पुन्हा गोल झाल्या आणि आपल्या मूळ कामाला लागल्या. औषध काही नाही, फक्त जागा बदलली!

कूर्चेतल्या पेशीला दाबही कळतो. तिच्या पातळ आवरणात पीझो नावाच्या खिडक्या आहेत. ताण पडला की त्या उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. (या खिडक्या शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं.) न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 2000 च्या सुमारास पेशी भरलेल्या जेलीला सेकंदाला एक असा हलका दाब देऊन पाहिला, म्हणजे जवळजवळ चालण्याचीच लय. काही आठवड्यांनी ती जेली नुसत्या पडून राहिलेल्या जेलीपेक्षा कितीतरी ताठ झाली. तेच ओझं एकसारखं दाबून धरलं, तर पेशी हात आखडता घेते. रासायनिक निरोपही हवेच. टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन पेशीला ‘कूर्चा बनव’ असं सांगतं. पण ते सांध्यात बहुतेक कुलूपबंद असतं, आणि द्रव घुसळला की यातलं काही कुलूप उघडतं. हालचाल आणि रसायन ही दोन खाती निराळी नाहीतच.

पेशीला अशी धरून राहायची जागा कशाची करावी? त्यासाठी आता भंडाऱ्याच्या रानात येऊ. इथे येन (म्हणजे ऐन) आणि अर्जुनाच्या झाडांवर कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, किडे वाढतात. पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाजानं पाखरं-मुंग्यांपासून त्यांची राखण केली. अळी आधी फांदीला रेशमी देठाची गाठ मारते, मग त्या देठाला लाकडासारखा टणक कोष टांगते. मध्य भारतात बायांनी हा धागा उघड्या मांडीवर वळला, तासन्‌तास मांडी घालून. टोंगळ्याला हाही एकसारखा दाबच. त्यांच्या हाती यंत्रं देऊन मांडीवरचं सूत थांबवायची सरकारी मोहीम अगदी अलीकडची.

या धाग्याच्या प्रथिनात आर्जिनीन, ग्लायसीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल असा तीन घटकांचा तुकडा येतो. पेशी जिला हात घालून धरते ती ही कडी; 1984 मध्ये रूओसलाहती आणि पियर्शबाखर यांनी ती ओळखली. तुतीच्या रेशमात ती नाही, कोशात आहे. रानातल्या अळीला आपल्या टोंगळ्याशी काय देणंघेणं! तरी खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू आणि सहकाऱ्यांनी कोशाच्या प्रथिनावर पेशी वाढवल्या, आणि गुवाहाटीत बिमन मंडल यांच्या गटानं कोशाचा आसामी भाऊबंद मुगा अगरोजमध्ये मिसळून कूर्चेच्या पेशींना आधाराचं मचाण उभारलं. हे सारं अजून प्रयोगशाळेत आहे. टोंगळ्यासाठी कोशाचं दुकान मांडायला कोणी धावू नये.

कोसा हट्टीही आहे. तुतीचं रेशीम ज्या क्षारद्रावणात विरघळतं, त्यात हा सहजी विरघळत नाही. म्हणून खरगपूरच्या मंडळींनी विणून झालेला कोष बाजूला ठेवला आणि शेवटच्या अवस्थेतल्या, कोष विणायला सज्ज झालेल्या अळीच्या पोटातली ग्रंथीच काढून घेतली. भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावच्या मागावर ज्याचं कापड होतं तोच हा कोसा, फक्त अजून ओला. धागा व्हायच्या आदल्या घटकेचा.